पीसीपी एअर रायफल: वेगवेगळ्या ठिकाणचे सुटे भाग, अडकणारं मॅगझिन आणि कापले जाणारे पेलेट

सांगलीकर

नमस्कार मंडळी. बोल्ट-ॲक्शन पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल आहे, ०.१७७ इंची. ॲक्शन, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह मूळचेच, त्यांना हात लावलेला नाही. नळी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची, बाहेरून १६ मिमी. ९ पेलेटचं (शिशाच्या छोट्या गोळ्यांचं) मॅगझिन सुटं विकत घेतलं आहे. बोल्टचा प्रोब (पेलेट नळीत ढकलणारं पुढचं बारीक टोक) मात्र टर्नरकडून लेथवर करून घेतलेला आहे. लक्षणं अशी:

– एका मॅगझिनमध्ये दोन-तीन वेळा बोल्ट अर्ध्यावर अडतो. जोर दिला की जातो.
– मॅगझिनमधून १० मीटरवर पाच पेलेटचा ग्रुप (छिद्रांचा पसारा) २५ मिमीच्या आसपास. मॅगझिन काढून एकेक पेलेट हाताने भरलं की तोच ग्रुप ८ मिमीवर येतो.
– मॅगझिनच्या पुढच्या तोंडाशी शिशाचा बारीक चुरा जमतो.
– फायर करताना बोल्टच्या बाजूने गालावर हवा लागते.

पेलेट दोन प्रकारचे वापरतो, ८.४ ग्रेन आणि १०.३ ग्रेन, दोन्ही गोल डोक्याचे, ४.५२ मिमी हेड (डोक्याचा व्यास). सुरुवात कुठून करावी?

व्हर्नियर

मॅगझिन काढल्यावर ग्रुप ८ मिमीवर येतो, म्हणजे नळी, क्राउन (नळीच्या पुढच्या तोंडाची कड) आणि पेलेट तिन्ही ठीक आहेत. नळी बदलायचा विचार डोक्यातून काढून टाका. दोष मॅगझिनच्या कप्प्यापासून नळीच्या मागच्या तोंडापर्यंतच्या बोटभर जागेत आहे. गालावर येणारी हवा हा वेगळा दोष आहे, त्याचा विचार नंतर.

तपासणीआधी सिलिंडर पूर्ण रिकामा करा. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये दिलेलीच वापरा. बऱ्याच पीसीपीत बोल्ट मागे ओढला की हॅमर (व्हॉल्व्हवर आदळून हवा सोडणारा भाग) आपोआप कॉक होतो, म्हणजे ताणून खटक्यावर बसतो, त्यामुळे हवा असताना बोल्ट हलवून काहीही तपासायचं नाही. मॅनोमीटरचा (दाबमापकाचा) काटा शून्यावर दिसला तरी नळीचं तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा.

आता रोटरच्या (मॅगझिनमधल्या फिरत्या चाकाच्या) कप्प्यांवर मार्करने १ ते ९ आकडे घाला. चार-पाच मॅगझिन भरून बोल्ट अगदी सावकाश पुढे ढकला आणि कुठल्या आकड्याला अडतो ते कागदावर लिहीत जा. पेलेट नळीत गेलं की दर वेळी रॉडने बाहेर काढायचं, एकामागे एक दोन जाऊ द्यायची नाहीत.

नोंदीतून चार गोष्टी कळतात. दर वेळी तोच आकडा अडत असेल तर त्या कप्प्यात बर (कडेला उरलेला बारीक काटा) किंवा शिसं आहे. शेवटचे दोन-तीनच अडत असतील तर रोटरची स्प्रिंग ढिली आहे, कारण मॅगझिन रिकामं होत जाईल तसा तिचा ताण कमी होतो आणि रोटर पूर्ण फिरायच्या आधीच थांबतो. सगळेच थोडेथोडे घासत जात असतील तर मॅगझिन आणि नळी एका रेषेत नाहीत. काहीच क्रम नसेल तर पेलेटची लांबी बघा.

दहा_मीटर

वरच्या प्रतिसादाला +१. लांबीचा मुद्दा बरेच जण सोडून देतात. डब्यावर वजन आणि हेड साइज छापलेली असते, लांबी नसते. हेड तेच ठेवून वजन वाढवायचं तर पेलेट लांब करावं लागतं, म्हणून १०.३ ग्रेनचं पेलेट ८.४ पेक्षा लांब असतं. व्हर्नियरने रोटरची जाडी मोजा, मग प्रत्येक डब्यातली दहा पेलेट मोजा. सगळ्यात लांब पेलेटसुद्धा रोटरच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी आखूड असायला हवं. तेवढी जागा नसेल तर पेलेटचं नाक रोटरच्या बाहेर डोकावतं आणि रोटर फिरताना बॉडीच्या कडेला अडतं. मग रोटर अर्धवट फिरतो, प्रोब पेलेटच्या मध्यावर न जाता स्कर्टच्या (पेलेटच्या मागच्या पोकळ घेराच्या) कडेवर बसतो, आणि तुम्ही दिलेल्या जोराने स्कर्ट चेपतो. टोकदार पेलेट आणि स्लग (कंबर नसलेल्या लांबट गोळ्या) यांचा त्रास आणखी जास्त. ०.१७७ च्या बऱ्याच मॅगझिनमध्ये स्लग बसतच नाहीत.

भरण्याची पद्धतही बघून घ्या. या जातीच्या मॅगझिनमध्ये पारदर्शक झाकण स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला पूर्ण फिरवून धरायचं, पहिलं पेलेट नळीकडच्या भोकातून स्कर्ट आधी घालायचं म्हणजे ते रोटरला अडवून धरतं. मग मॅगझिन उलटवून बाकीची आठ झाकणाच्या बाजूने, नाक आधी घालायची. झाकण पूर्ण न फिरवता भरलं तर शेवटचे कप्पे आळशी होतात आणि लोक स्प्रिंगला दोष देतात.

कानसकाम

मॅगझिन रेषेत आहे की नाही हे कळायला एक सोपी चाचणी आहे. पेलेटच्या स्कर्टवर बारीक मार्करने ठिपका द्या, ठिपका वर राहील असं पेलेट कप्प्यात ठेवा, बोल्ट सावकाश बंद करा, मग उघडा आणि मॅगझिन काढा. पुढून नायलॉनचं आवरण असलेल्या रॉडने पेलेट हळूच मागे आणा. रॉडचं टोक सपाट हवं, ब्रश किंवा टोकदार जॅग लावून ढकलू नका. भिंगातून बघा, कापल्याची खूण ठिपक्यापासून कुठे आहे.

खूण कायम खालच्या बाजूला असेल तर मॅगझिन नळीपेक्षा खाली बसतंय, त्याला वर उचलायला हवं. वर असेल तर उलट. डावी-उजवीकडे असेल तर मॅगझिन खाचेत आडवं हलतंय किंवा चुंबक त्याला पूर्ण ओढून धरत नाही. खूण गोलाकार सगळीकडे सारखी असेल तर रेषेचा प्रश्नच नाही. तिथे नळीच्या तोंडाचा चॅम्फर (आतली उतरती कड) कमी आहे, नाहीतर हेड त्या नळीला मोठं पडतंय, मग ४.५० किंवा ४.५१ हेडचा डबा आणून तुलना करा.

मॅगझिन उचलायला पितळी शिम पत्रा मिळतो, ०.०५ आणि ०.१ मिमी. मॅगझिनच्या बुडाला आधी ०.०५ लावा, दहा पेलेट बघा, मग वाढवा. एकदम ०.२ लावलं तर खालचं कापणं थांबून वरचं सुरू होतं. कप्पा कानसीने मोठा करायला जाऊ नका. एकदा मोठा झालेला कप्पा पेलेट धरत नाही, नळी खाली झुकवली की पेलेट बोल्टच्या आधीच पुढे घसरतं.

काही मॅगझिनमध्ये रोटरभोवती पातळ ओ-रिंग असते, तीच पेलेटना जागेवर धरते. ती निघून पडली असेल तर पेलेट सैल होतात, आणि जाड बसवली असेल तर प्रत्येक कप्प्याला बोल्ट जड जातो. ‘बोल्ट जड’ अशी तक्रार असेल तर रेषा तपासायच्या आधी ही रिंग काढून एकदा बोल्ट चालवून बघावा.

व्हर्नियर

आता प्रोब. तीन गोष्टी तपासा.

सरळपणा: बोल्ट काढून प्रोब सपाट काचेवर लोळवा. टोक वरखाली होताना दिसलं की लेथवर पकड बदलून दोन टप्प्यांत काम झालंय. टोकाला ०.१ मिमीचा फरक असला तरी तो कप्प्याच्या भिंतीला घासतो.

टोक: कडा धारदार असेल तर स्कर्टच्या आत गोल रेघ उमटते. ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने कड मोडा. फक्त कड मोडायची, लांबी कमी करायची नाही.

लांबी: ही सगळ्यात महत्त्वाची. प्रोबने पेलेट ट्रान्सफर पोर्टच्या (व्हॉल्व्हमधून नळीत हवा येण्याच्या भोकाच्या) पुढे नेऊन ठेवायला हवं. आखूड प्रोब पेलेटला पोर्टच्या तोंडावरच सोडतो, हवा मागून ढकलण्याऐवजी बाजूने स्कर्टवर आदळते, स्कर्ट आत वळतो आणि वेग दर शॉटला बदलतो. नळी काढून तिच्या मागच्या तोंडापासून पोर्टच्या पुढच्या कडेपर्यंत अंतर व्हर्नियरच्या डेप्थ पट्टीने घ्या. मग बोल्ट बंद असताना प्रोबचं टोक नळीत किती आत जातं ते मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त हवा. तुमची नळी दुसऱ्या मॉडेलची आहे, तेव्हा पोर्टचं अंतर वेगळं असण्याची शक्यता बरीच आहे. मूळ प्रोब मूळ नळीसाठी बरोबर असेल, पण या नळीशी त्याचं जमेलच असं नाही.

आणखी एक. पोर्टच्या जागी प्रोबची पिन बारीक ठेवलेली असते, कारण हवा तिच्याभोवतून पुढे जाते. मजबुतीसाठी टर्नरने ती जाड केली असेल तर पोर्ट अर्धा झाकला जातो आणि वेग पडतो.

रत्नदुर्ग

पोर्टचा विषय निघालाच आहे तर: पोर्टच्या भोकाची आतली कड तपासलीत का? कानाचा कापूस लावलेली काडी नळीत मागून घाला, पोर्टवरून दोन-तीनदा फिरवा आणि उजेडात धरा. कापसाचे तंतू ओढले गेले असतील तर तिथे बर आहे. हाताने भरलेलं पेलेटही त्यावरूनच जातं, पण सावकाश आणि सरळ जातं म्हणून कमी कापतं.

सुई-कानस आत घालू नका, राईफलिंगवर (नळीतल्या पिळदार खाचांवर) एक ओरखडा पडला तर नळी गेली. लाकडी काडीला फेल्ट गुंडाळून धातू पॉलिशची पेस्ट लावायची, फक्त पोर्टच्या कडेवर फिरवायची, दर काही फेऱ्यांनी कापूस घालून बघायचं. तंतू अडकणं थांबलं की तुम्हीही थांबा, आणि पेस्टचा कण न कण पुसून काढा.

दहा_मीटर

गालावर येणाऱ्या हवेबद्दल. ते बोल्टच्या ओ-रिंगचं काम आहे, आणि इथे सुट्या भागांची गफलत फार होते. दुकानात ‘चारची ओ-रिंग द्या’ म्हणून मागितलं तर हाताला लागेल ती मिळते. ओ-रिंगला दोन मापं असतात, आतला व्यास आणि कॉर्डची जाडी. इंची मालिकेत ००६, ००७, ००८ या नंबरांचा आतला व्यास अनुक्रमे २.९०, ३.६८ आणि ४.४७ मिमी असतो, जाडी तिघांचीही १.७८. मेट्रिकमध्ये जाडी १.५ किंवा २.० मिळते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

समजा खाचेचा तळ आणि नळीची भिंत यांत १.४५ मिमी जागा आहे. १.७८ ची रिंग तिथे साधारण १८ टक्के दाबली जाते, म्हणजे योग्य. १.५ ची जेमतेम ३ टक्के दाबली जाते आणि हवा सोडते. २.० ची २७ टक्क्यांच्या वर दाबली जाते: बोल्ट जड होतो आणि काही दिवसांत रिंग पोर्टच्या किंवा चॅम्फरच्या कडेला कापली जाते. तुटकी रिंग बघून लोक पुन्हा तशीच आणतात आणि ती पुन्हा तुटते.

बोल्टला ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) नायट्राइल रबराची रिंग चालते. भरण्याच्या बाजूला, जिथे सतत दाब असतो तिथे ९० शोअर. दोन्ही ठिकाणी फक्त सिलिकॉन ग्रीस, अगदी पुसट.

नवीन_आयडी

धाग्याशी थोडं संबंधित. हातपंपासाठी वेगळा फिलिंग अडॅप्टर आणलाय. रायफलच्या भोकात दोन-अडीच आटे सहज जातो, मग घट्ट होतो. टेफ्लॉन टेप लावून पान्याने आवळला तर चालेल का?

कानसकाम

नाही. तो अडॅप्टर आत्ताच बाजूला ठेवा, त्याच्यावर एकदाही हवा भरू नका.

तुमच्या हातात बहुधा १/८ बीएसपी आणि एम१०×१ यांची जोडी आली आहे. दिसायला अगदी सारखी. बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी, इंचाला २८ आटे, म्हणजे एका आट्याला ०.९०७ मिमी. दुसऱ्याचा व्यास १० मिमी, आटा १ मिमीचा. बीएसपीचा नर भाग एम१० च्या मादीत सैल जातो, पिच जुळत नाही म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर अडतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोकंच धरलेली असतात. २०० बारला १० मिमी व्यासाच्या तुकड्यावर साधारण १६० किलोचा जोर येतो. तो निसटला तर समोर चेहरा किंवा हात असतो.

ओळखायला: दहा आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजा. १० मिमी आली तर मेट्रिक, ९.०७ च्या आसपास आली तर बीएसपी. आट्यांचं गेज असेल तर उत्तमच. टेफ्लॉन टेप आट्यांतली फट भरेल, पकड देणार नाही. या जोडांवर सील बाँडेड वॉशरने किंवा ओ-रिंगने होतं. योग्य अडॅप्टर हाताने शेवटपर्यंत फिरतो, पान्याला फक्त शेवटची थोडीशी फिरकी उरते.

सिलिंडरवर कोरलेला दाब आणि तारीख पण वाचून घ्या. २०० बारच्या सिलिंडरला ३०० बारचा फिलिंग सेट जोडता येतो म्हणून ३०० भरायचं नसतं. स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी आयएसएसएफचा (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा) नियम आहे की सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाची.

नवीन_आयडी

मोजलं. दहा आट्यांना ९.१ मिमी, आणि रायफलच्या मॅन्युअलमध्ये एम१०×१ लिहिलंय. अडॅप्टर परत करतोय. याच ॲक्शनवर ०.२२ ची नळी बसते असं दुकानदार म्हणाला, मॅगझिनही मिळतं. फीडिंगला ०.२२ सोपं पडतं का?

मॉडरेटर

याचं उत्तर इथेच देऊन विषय संपवतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर गनचा बोअर ०.१७७ पेक्षा मोठा असेल किंवा मझल एनर्जी (नळीतून बाहेर पडताना पेलेटची ऊर्जा) २० ज्यूलच्या वर असेल तर परवाना लागतो. नळी बदलली की ती परवान्याशिवाय कपाटात ठेवता येणारी वस्तू राहत नाही. हॅमर स्प्रिंग जाड करण्याचंही तेच. ०.५४७ ग्रॅमचं पेलेट (८.४४ ग्रेन) २७० मीटर प्रति सेकंदाला २० ज्यूलवर पोहोचतं. कुठलाही भाग बदलल्यावर क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग घ्या आणि अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे गणित करा. १० मीटरच्या मॅच रायफली १७० ते १७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास चालतात, आठ ज्यूलच्या घरात. ताकद वाढवण्याबद्दलचे प्रतिसाद या धाग्यावर राहणार नाहीत.

पाटील_मिरज

स्प्रिंगवाल्या ब्रेक-बॅरलचा प्रश्न विचारू का? नवीन स्प्रिंग बाहेरून बरोबर बसली, पण नळी पूर्ण खाली ओढली तरी कॉक होत नाही. ट्रिगर युनिट खराब झालं का?

व्हर्नियर

ट्रिगरला हात लावू नका, बहुतेक कॉइल-बाइंड आहे. स्प्रिंगचे वेढे मोजा आणि तारेच्या जाडीने गुणा. ३३ वेढे, तार ३ मिमी, तर पूर्ण दाबल्यावर स्प्रिंग ९९ मिमीची भरीव नळी होते. पिस्टन पूर्ण मागे असताना आत जागा ९५ मिमी असेल तर सीअरने (पिस्टन अडवणाऱ्या ट्रिगरच्या खटक्याने) पकडायच्या आधीच वेढ्याला वेढा लागतो. त्या मॉडेलचीच स्प्रिंग मागवा आणि ती बदलताना स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, कारण शेवटचा आटा सुटताना एंड-ब्लॉक अंगावर येतो. अर्धवट कॉक झालेल्या गनमध्ये नळी हातातून सोडू नका. पेलेट भरतानाही एका हाताने नळी धरूनच ठेवायची, ती मिटली तर बोट जातं.

गन परत जोडल्यावर ब्रीच (नळीचं मागचं तोंड) सील तपासायचं असेल तर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचवर धरून, सुरक्षित दिशेला, पेलेटसह एक शॉट घ्या. पट्टी उडाली तर सील गळतंय. सील तोंडाच्या वर ०.१ ते ०.२ मिमी असावं, कमी असेल तर खाली शिम.

रत्नदुर्ग

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या लोकांसाठी: पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर पंपाच्या हवा घेण्याच्या बाजूला सिलिका जेलचा फिल्टर लावा आणि दर ५० बारला ब्लीड स्क्रू सोडून पाणी काढा. ओल सिलिंडरमध्ये गेली की व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज धरतो. गंज काढायला घरातला स्प्रे हवेच्या मार्गात मारू नका. पेट्रोलियम तेल आणि दाबाखालची हवा एकत्र आली की पेट घेऊ शकते. पेलेटच्या डब्यात पांढरी भुकटी दिसली तर ते ऑक्सिडाइझ झालेलं शिसं, तो डबा मॅगझिनमध्ये वापरू नका. हात धुणं तर रोजचंच.

सांगलीकर

सगळ्यांचे आभार. आकडे देतो. रोटरची जाडी ७.० मिमी. ८.४ ग्रेनची दहा पेलेट ६.६ ते ६.७. १०.३ ग्रेनची ७.० ते ७.२, म्हणजे ती बाद. मॅगझिनच्या बुडाला ०.०५ चा शिम, कापणं दिसेनासं झालं. पोर्टच्या कडेवर कापसाचे तंतू अडकत होते, पॉलिश केल्यावर थांबले. प्रोब काचेवर सरळ लोळतो, पण पोर्टच्या कडेपेक्षा ०.३ मिमी आखूड आहे. ओ-रिंग १.५ जाडीची निघाली, आता ००७ बसवली, हवा थांबली. ८.४ ग्रेनने मॅगझिनमधून ग्रुप ११ मिमी. कप्पा क्रमांक ६ अजून थोडा जड जातो. प्रोब आहे तोच वापरायचा की नवीन करायचा?

कानसकाम

नवीन करा. ०.३ आखूड म्हणजे पेलेटचा स्कर्ट अजून पोर्टच्या तोंडावर आहे, ११ चे ८ व्हायला तेवढाच अडसर उरलाय. टर्नरला तोंडी माप सांगू नका, जुना प्रोब आणि कागदावर रेखाचित्र द्या: एकूण लांबी ०.८ ने जास्त, पिनची जाडी जुन्याइतकीच, टोकाची कड ०.१ ने मोडलेली, आणि सगळं वळण एकाच पकडीत.

कप्पा ६ साठी रोटर काढून उजेडासमोर धरा आणि शेजारच्या कप्प्याशी तुलना करा. मोल्डिंगची रेघ असेल तर लाकडी टूथपिकला पॉलिश पेस्ट लावून काढा. नुसतं शिसं असेल तर कोरड्या कापसाने निघेल. तेल घालू नका, धूळ धरतं. पुढचे पन्नास शॉट कप्प्यांच्या आकड्यांसह लिहा आणि इथेच टाका, सहावा कप्पा त्यात वेगळा पडतोय का बघू.